तंबोऱ्याच्या दुकानावरची शिकवणी: नववीतल्या दंगेखोर पोराच्या बापाचा वर्षभराचा अनुभव

पहिलं सांगतो, या शिकवणीचं नाव मी लिहीत नाही. जागा १८ मुलांची, त्यातली दहावीची पोरं मार्चपर्यंत हलत नाहीत, आणि बाईंनीच सांगितलंय, "नाव नका लिहू, दारात आलेल्या आईला नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं." शिवाय खाली माझ्या पोराच्या बऱ्याच गोष्टी येणार आहेत. त्याला विचारून लिहितोय. दोन गोष्टी गाळा म्हणाला, त्या गाळल्या आहेत. नाव नसलं तरी अशी शिकवणी कशी ओळखायची आणि ती काय करू शकते, काय नाही, एवढं तरी मिरज-सांगलीकडच्या पालकांना कळावं म्हणून हे लिहायला बसलोय.

मी एसटीच्या आगारात मेकॅनिक. पोरगा आता दहावीत, सेमी इंग्रजीला. गेल्या वर्षी दिवाळीनंतर, म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्याला या शिकवणीत घातला. तेव्हा तो नववीत होता आणि जूनपासून दिवाळीपर्यंत त्याच्या डायरीत ९ लाल शेरे जमले होते. ते मला अजून पाठ आहेत. "तासाला मांजराचा आवाज काढतो." "पुढच्या मुलाच्या शर्टावर शाई उडवली." "उलट बोलतो." "गृहपाठ नाही, विचारलं तर हसतो." "मधल्या सुट्टीनंतर वर्गात नव्हता." सहामाहीला बीजगणितात ४० पैकी ९, भूमितीत १२.

माझ्या डोक्यात ही दोन वेगळी दुखणी होती. शेरे म्हणजे वळण बिघडलं, त्याला उपाय मार. गुण म्हणजे डोकं चालत नाही, त्याला उपाय क्लास. दोन्ही उपाय करून झाले होते.

माराचं आधी सांगतो. जुलैत वर्गशिक्षकांनी बोलावलं तेव्हा मी हात जोडून म्हणालो होतो, "सर, हाणा तुम्ही त्याला. माझी काय तक्रार नाही." सर शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या परवानगीनं कायदा बदलत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात १७ वं कलम आहे. मुलाला मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही." बरोबरच होतं त्यांचं. पण मग त्यांनी काय करावं? वर्गात ६२ पोरं. गणिताच्या तासाला दंगा झाला की याला व्हरांड्यात उभं करायला लागले. त्या एका महिन्यात बीजगणिताचे ७ तास त्यानं वर्गाबाहेर काढले. शाळेत मार बसला नाही, घरी बसला. तो मी दिला. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहायचा मला हक्क नाही.

क्लासचं असं की, आठवीच्या सुट्टीतच एका मोठ्या क्लासला वर्षाचे १८ हजार भरले होते. एका बॅचला ७० पोरं. दारात बोटाचा ठसा घेणारं मशीन, पोरगं आत गेलं की माझ्या मोबाईलवर मेसेज. मी गाडीखाली असायचो, मेसेज वाजला की बरं वाटायचं. सप्टेंबरात कळलं की बोलतो म्हणून त्याला शेवटच्या बाकावर एकट्याला बसवत होते, आणि तिथून फळ्याचा उजवा भाग दिसतच नव्हता. विचारायला गेलो तर म्हणाले, "एकासाठी बाकीच्या ६९ जणांचं नुकसान करू का?" मला उत्तर देता आलं नाही, कारण प्रश्न खरा होता. तो प्रश्न डोक्यात तसाच राहिला. पुढं तो परत येणार आहे.

त्याच दिवसांत गणपती. मिरजेची विसर्जन मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या स्वागत कमानी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारी रांग सांगायला नको. पोरगा ढोल पथकात. ऑगस्टभर रोज संध्याकाळी सराव. शाळेत पाच मिनिटं एका जागी न बसणारं हे पोरगं तिथं दोन-दोन तास कमरेला ढोल बांधून उभं. पथकाच्या दादानं एकदा डोळा वर केला की बस्स. मला त्याचाच जास्त राग यायचा. तिथं ऐकतोस, मग शाळेत काय होतं तुला?

शिकवणी सापडली ती आमच्या आगारातल्या एका कंडक्टरबाईंमुळे. त्यांची मुलगी तिथं जायची. जागा म्हणजे तंबोरे करणाऱ्या एका दुकानाच्या वरचा मजला. लाकडी जिना, वर एक लांब खोली, पाच सतरंज्या, दोन फळे. संध्याकाळी सव्वासहा ते सव्वाआठ, रविवार सोडून. शिकवतात दोघं. एक बाई, गणिताच्या, खेड्यातल्या हायस्कुलात ३४ वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. दुसरे एक तरुण सर, बी.एड. झालेले, सरकारच्या पवित्र पोर्टलवरच्या शिक्षक भरतीकडे डोळे लावून बसलेले. फी महिन्याला १,२००, तीन महिन्यांची एकदम घेतात.

पहिल्या दिवशी बाईंनी माझ्याकडे गुणपत्रक मागितलंच नाही. जुन्या उत्तरपत्रिका मागितल्या. सहामाहीची बीजगणिताची त्यांनी उघडली आणि गुण न बघता खोडलेल्या ओळी वाचत बसल्या. मग पोराला विचारलं, "ढोल वाजवतोस म्हणे. पुढचा ठोका कुठला ते तुला कसं कळतं?" तो म्हणाला, "माहीतच असतो की, बाई." "आणि पॉलिनॉमियलच्या तासाला पुढची ओळ कुठली ते माहीत असतं?" पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी मान खाली घातली. दोन तास ऐकून घेतो ते पथकात आणि घेत नाही ते शाळेत, यातलं कारण मी स्वभावात शोधत होतो.

पहिला आठवडा त्यांनी काहीच शिकवलं नाही. पाचवी, सहावी, सातवी, आठवी, प्रत्येक इयत्तेच्या पुस्तकातली दहा-दहा सोपी गणितं दिली. वेळेचं बंधन नाही. सर शेजारी बसून फक्त पेन कुठं थांबतंय ते बघत होते. पाचवीची ६ आली. सहावीची २. सातवीची ३. आठवीचं १. नववीत बहुपदी आणि वास्तव संख्या शिकणाऱ्या माझ्या पोराला एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश विचारलं तर तो दोन पंचमांश म्हणत होता. उणे तीनमधून चार वजा केले तर उत्तर कधी सात, कधी एक. उणे सात एकदाही नाही.

बाईंनी विचारलं, पाचवी-सहावी कधी झाली? आणि तिथंच सगळं उलगडलं. पाचवी २०२०-२१. जवळजवळ सगळं वर्ष मोबाईलवर. सहावीचेही पहिले काही महिने तसेच. आमच्या घरात तेव्हा मोबाईल एकच होता आणि तो माझ्याबरोबर कामावर असायचा. अपूर्णांकांवरील क्रिया, पूर्णांक संख्या, लसावि, मसावि, सगळं त्याच काळातलं. पुढं आठवीपर्यंत वरच्या वर्गात ढकलणं होतंच. आठवीला वार्षिक परीक्षा परत आली ती २०२३-२४ पासून, नेमकी त्याच्या वर्षी, आणि त्यात तो काठावर पास झाला. मी पेढे वाटले होते.

आता त्या कार्डाबद्दल, कारण या शिकवणीत पैसे देण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल तर ते कार्ड. पोस्टकार्डाएवढा जाड कागद. त्यावर आठवड्याचे सगळे तास आखलेले, रोजचे ८ आणि शनिवारचे ५. प्रत्येक चौकोनात पोरानं स्वतः खूण करायची. कळलं तर बरोबर. कळलं नाही तर शून्य. दंगा केला, बोललो, बाहेर काढलं तर फुली. शिक्षक आलेच नाहीत तर 'ऑफ'. एका चौकोनात दोन खुणा चालतात. शाळेतल्या कुणाची सही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची अट अशी की, कार्ड शिकवणीतच राहणार. आईबापाला महिन्यातून एकदा, पोरगं समोर बसलेलं असताना बघायला मिळणार.

चार आठवड्यांनी मला बोलावलं. २३ फुल्या होत्या. बीजगणित-भूमितीत ९, विज्ञानात ५, ऑफ तासाला ६, इतर विषयांत मिळून ३. सरांनी पेन्सिलीनं त्यातल्या गणित-विज्ञानाच्या १४ फुल्यांभोवती गोल केले. १३ चौकोनांत फुलीच्या शेजारी शून्य होतं.

बाईंनी पोरालाच विचारलं, "आधी काय होतं रे? फुली की शून्य?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "शून्य. मॅडम प्रश्न विचारत माझ्यापर्यंत यायला लागल्या की मी आधीच कायतरी करतो. बाहेर काढलं की मग विचारत नाहीत."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. डायरीतले ९ शेरे मी गेले पाच महिने वाचत होतो. त्यात हे कुठंच नव्हतं. ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांना सांगतो. ड्रायव्हर गाडी आगारात लावतो तेव्हा दोष लिहून देतो. नुसतं "ब्रेक लागत नाही" लिहिलं तर आम्हाला त्याचा उपयोग नाही. उतारावर की सपाटीला, भरल्या गाडीत की रिकाम्या, सकाळी पहिल्या फेरीला की गाडी तापल्यावर, हे लिहिलं तर हात बरोबर जागेवर जातो. "उलट बोलतो" हा शेरा म्हणजे "ब्रेक लागत नाही". कुठल्या तासाला, कशानंतर, ते लिहिणारं त्या कार्डाआधी कुणी नव्हतं. आणि फेरा दोन्ही बाजूंनी फिरत होता. कळत नाही म्हणून दंगा, दंगा केला म्हणून व्हरांडा, व्हरांड्यात उभा म्हणून पुढच्या तासाला आणखी कळत नाही. बीजगणितातले ९ गुण त्या सात तासांनी आणले होते, आणि ते सात तास सहावीतल्या अपूर्णांकांनी.

ऑफ तासांच्या ६ फुल्यांचं कारण वेगळं. तो नोव्हेंबर विधानसभेचा होता, २० तारखेला मतदान. शिक्षकांना निवडणुकीचं प्रशिक्षण, मग प्रत्यक्ष ड्यूटी. वर्गावर कुणी नाही, ६२ पोरं मोकळी. तिथं माझा पोरगा एकटाच दंगा करत होता असं नाही, पण शेरा त्याच्या नावावर पडायचा, कारण नाव आधीच झालेलं. त्यावर शिकवणीकडे उपाय नव्हता आणि बाईंनी असल्याचा आवही आणला नाही. मला ते आवडलं.

मग डिसेंबर-जानेवारी दोन महिने त्यांनी त्याच्याकडून नववीचं जवळजवळ काही करून घेतलं नाही. सहावीचं पुस्तक. मी एकदा घाबरून विचारलंही, वार्षिक परीक्षा एप्रिलला आहे, हे काय चाललंय? बाई म्हणाल्या, "मिस्त्री, वरचा मजला बांधायचा तर खालचा खांब नको का?" पोराला सुरुवातीला लाज वाटायची. सहावीचं पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालून न्यायचा. रोज २० मिनिटं फक्त ऋण संख्या. जिन्याच्या पायऱ्यांवर खडूनं आकडे लिहिलेले, शून्य मधल्या पायरीवर. उणे तीनवर उभं राहा, आता चार पायऱ्या खाली उतर. नववीची दांडगी पोरं संध्याकाळी त्या अंधाऱ्या जिन्यावर चढत-उतरत असलेली मी स्वतः बघितली आहेत. खालच्या दुकानात तेव्हा कुणीतरी तंबोऱ्याची जवारी लावत असायचं, घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, परत कानस. तो आवाज वर येतो. काही पालकांना त्याचा त्रास वाटतो. पोरांना वाटत नाही.

आता त्या ६९ जणांच्या प्रश्नाकडे येतो. जानेवारीत बाईंनी सगळ्या पोरांना घड्याळ लावून एक गोष्ट मोजायला सांगितली. आपल्या वर्गात एखाद्या तासाला 'गप्प बसा'मध्ये एकूण किती मिनिटं जातात? ३५ मिनिटांचा तास. माझ्या पोरानं बीजगणिताचा तास मोजला, ६ मिनिटं आली. मग फळ्यावर गुणाकार. ६ मिनिटं गुणिले ६२ मुलं, ३७२ मिनिटं. सहा तास बारा मिनिटं. एका तासातून एवढं गेलं. बाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. फळा तसाच ठेवून त्या दुसऱ्या पोराची वही तपासायला गेल्या.

त्या रात्री जेवताना पोरगा म्हणाला, "पप्पा, माझ्या बाकावर जो बसतो ना, त्याची आई भाजी विकते. त्याला कुठलाच क्लास नाही." पुढं काही बोलला नाही. पण मला कळलं. ज्या मुलाला शिकवणी नाही, घरात विचारायला कुणी नाही, त्याच्या वाट्याला शाळेत जेवढं ऐकू येतं तेवढंच शिक्षण येतं. त्यातली रोजची काही मिनिटं माझा पोरगा खात होता. त्या मुलाला पहिल्या घटक चाचणीत २० पैकी १३ होते आणि सहामाहीला ४० पैकी १५. त्याला इतरही कारणं असतील. पण पुढच्या सोमवारी पोरानं स्वतः वर्गशिक्षकांना जागा बदलून मागितली, हे सरांनीच मला सांगितलं. "मिस्त्री, नववीतला मुलगा येऊन मला मित्रापासून लांब बसवा म्हणतो, हे माझ्या नोकरीत पहिल्यांदा झालं."

शाळेशी जुळवून घ्यायचा शिकवणीतल्या दोघांनी प्रयत्न केला, त्याचं फळ अर्धमुर्धं आलं. बाईंनी शाळेला साधं हातानं लिहिलेलं पत्र दिलं. विज्ञानाच्या सरांना ते आवडलं नाही. शिकवणीवाल्यांनी आम्हाला शिकवू नये म्हणाले. ६२ पोरांसमोर रोज उभं राहणाऱ्या माणसाला असं पत्र लागणारच, माझा त्यांच्यावर राग नाही. गणिताच्या मॅडमनी मात्र एक गोष्ट मान्य केली. दर मंगळवारी त्या याला फळ्यावर बोलावतील आणि आदल्या दिवशी शिकवणीत तयार करून घेतलेलं एकच गणित देतील. पहिल्या मंगळवारी हा उठलाच नाही. दुसऱ्या मंगळवारी उठला, खडू घेतला, दोन चलांतील समीकरणाची पहिली ओळ लिहिली आणि मागून कुणीतरी मांजराचा आवाज काढला. त्याचाच जुना आवाज, दुसऱ्याच्या तोंडून. मॅडम म्हणाल्या, "चालू दे." त्यानं गणित पुरं केलं. उत्तर बरोबर आलं. घरी येऊन त्यानं हे आईला सांगितलं, मला नाही. मी भिंतीआडून ऐकलं.

दोष सांगतो, ते आहेत आणि काही मोठे आहेत.

जानेवारीत शिकवणीतल्या सरांनी व्हॉट्सअॅप गटावर रोज रात्री 'आज कोणाच्या किती फुल्या' अशी यादी टाकायला सुरुवात केली. त्यांचा हेतू पालक जागे राहावेत असा. झालं असं की, एका वडिलांनी यादी बघून मुलाला झोपेतून उठवून मारलं. आणि माझ्या पोरासकट सगळ्यांनी खोटं लिहायला सुरुवात केली. दोन आठवडे कार्डांवर एक फुली नाही, सगळी बरोबरच बरोबर. मी आणि कंडक्टरबाई जाऊन बोललो. बाईंना तोपर्यंत यादीचं माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बंद झालं आणि सरांनी सगळ्या पोरांसमोर "माझं चुकलं" म्हटलं. पण गेलेला भरवसा परत यायला फेब्रुवारी संपला.

दुसरं, त्यांचा गटांचा खेळ. अमेरिकेत कॅन्ससमध्ये चौथीच्या एका वर्गावर प्रयोग झाला होता, १९६९ साली तो छापून आला. वर्गाचे दोन गट, दंगा झाला की त्या गटाच्या नावावर खूण, कमी खुणा असतील त्या गटाला जादा सुट्टीसारखी सवलत. सरांनी तो बी.एड.ला असताना वाचला होता. लहान पोरांना मजा येत असेल. नववी-दहावीच्या पोरांत मात्र एकामुळे गट हरला की त्या एकाला जिन्यात गाठायचे. आता गट काढून टाकलेत. ज्याचे त्याचे मागच्या आठवड्याशी गुण ताडतात, ते बरं चाललंय.

तिसरं, गणित आणि विज्ञान सोडून काही नाही. माझ्या पोराच्या हिंदीच्या तासाच्या फुल्या अजून आहेत आणि त्याला इथं औषध नाही. सेमीच्या पोरांसाठी आणखी एक अडचण. बाई मराठीतून इतकं छान समजावतात की पोरगं 'परिमेय' म्हणतं, पण पेपरात 'रॅशनल' आलं की दचकतं. इंग्रजी शब्दांचा सराव त्यांनी वाढवायला पाहिजे, हे मी तोंडावर सांगितलंय. स्वच्छतागृह एकच, तेही खालच्या दुकानाचं. मुलींच्या आयांची ती तक्रार रास्त आहे. एप्रिल-मेमध्ये वरच्या पत्र्यानं खोली तापते.

गुणांचं सांगतो, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. नववीच्या दुसऱ्या घटक चाचणीत बीजगणित २० पैकी ८. वार्षिकला ४० पैकी २१, भूमिती १७. आत्ता दहावीच्या सहामाहीला बीजगणित २६, भूमिती १९. भूमिती अजून कच्ची आहे, प्रमेयाची सिद्धता लिहायची म्हटलं की अजूनही टाळतो. डायरीत नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत ४ शेरे, त्यातले दोन ऑफ तासाचे. यंदा जूनपासून आतापर्यंत एक. ज्यांना ९५ टक्के हवेत त्यांनी या जिन्याची पायरी चढू नये. तिथं ते होत नाही आणि ते तसं म्हणतही नाहीत. मी पाचपैकी चार तारे देईन, पाचवा त्या यादीपायी गेला.

कुणासाठी नाही, हेही स्पष्ट लिहितो. यंदा एका दहावीच्या मुलाला त्यांनी महिन्यातच थांबवलं. तो तंबाखूचा मावा खायचा आणि रात्ररात्र झोपायचा नाही. बाईंनी त्याच्या आईला समोर बसवून सांगितलं की हे आमच्या हातातलं नाही, उशीर करू नका, आणि सरकारच्या टेली मानसचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. फी पूर्ण परत केली. आणखी एक मुलगा होता, तोंडी सगळं बिनचूक सांगायचा आणि लिहायला घेतलं की अक्षरं उलटीपालटी. शाळेत त्याच्या नावावर 'आळशी, वर्गात लक्ष नाही, इतरांना त्रास' हेच. बाईंनी त्याला सरकारी रुग्णालयात तपासायला पाठवलं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं तर बोर्ड दहावीला जादा वेळ देतं, लेखनिक देतं, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. तो मुलगा आता शिकवणीला येतो, पण कार्डावर त्याच्या शून्यांना वेगळी खूण आहे.

एक गोष्ट राहिली. मागच्या आठवड्यात पोराला विचारलं की तुला तिथलं सगळ्यात काय आवडतं. मला वाटलं, बाई म्हणेल. तो म्हणाला, "तिथं शून्य लिहिलं तरी कोण ओरडत नाही."

नवी भरती आता फक्त जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत. आठवी, नववी, दहावी, तिन्ही इयत्ता मिळून १८. गुणपत्रक नेऊ नका, जुन्या उत्तरपत्रिका न्या, फाटलेल्या असल्या तरी चालतील. पोराला बरोबर न्यायलाच पाहिजे, नुसत्या आईबापाशी त्या बोलत नाहीत. फी परत मागितली तर उरलेल्या महिन्यांची मिळते, मी दोघांना मिळालेली बघितली आहे. आणि जिन्यावरचा दिवा कधी लागतो कधी नाही. मोबाईलचा उजेड पाडून, डाव्या हाताला कठडा धरून चढा. मधल्या पायरीवर खडूचं शून्य दिसेल.